सहा हजारांच्या अलीकडे

"ह्यातला कुठला घालायचा ते आज ठरवून टाक," उस्मान म्हणाला आणि त्यानं बेंचवर दोन पुड्या ठेवल्या.

एका पुडीत मोठे इंजेक्टर होते, दुसरीत मधले. जुन्या परदेशी गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका माणसाकडून त्यानं दोन्ही संच पुण्याहून आणले होते. मी मोठ्यातला एक उचलून खिडकीशी धरला. उदय शिंगटे स्टुलावर बसून पेरू खात होता. तो म्हणाला, "त्यात ठरवायचं काय काका? मोठा घाला. कोल्हापुरात ल्हान काय घालत्यात व्हय कोण?"

माझी बायको रत्नमाला दारात उभी होती. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ती धुवायला घेऊन आली होती. ती म्हणाली, "मला चालवून बघायचीय. दोन्ही संच घालून."

उदय हसला. "काकी, ह्या गाडीत शेजारी ब्रेक नसतोय."

"असूदे. तुझ्या शेजारी बसायचं असतं तर लागला असता," ती म्हणाली.

ती शर्यतीची गाडी मी आणि उस्मान मुल्लानं मिळून तयार केली होती. शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज, आणि भिंतीला भिंत लागून उस्मानचा लेथ. गाडी म्हणजे साधी जुनी झेन. तिला आम्ही एका छोट्या जपानी गाडीतून निघालेला सुपरचार्जर बसवला होता. सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा पंप. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त लागतं, आणि ते पेट्रोल फवारणारे चार नळ म्हणजे इंजेक्टर. मूळचे इंजेक्टर आता पुरणार नव्हते. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन नुसतं मंद होत नाही. आत उष्णता वाढते आणि पिस्टनचा माथा वितळतो. ते चार पिस्टन उस्माननं स्वतः लेथवर काढलेले. पावसाळाभर तो त्यांच्याच मागं होता.

आमच्या दोघांत कामाची वाटणी ठरलेली होती. लोखंडाचं त्यानं बघायचं, पेट्रोलचं आणि वायरिंगचं मी. एकानं दुसऱ्याच्या कामात बोट घालायचं नाही. त्यामुळं इंजेक्टर कुठले हे मी ठरवणार होतो. ड्रायव्हर कोण हे मात्र दोघांनी मिळून ठरवायचं होतं, आणि तिथंच गाडी अडली होती. दिवाळीनंतर वेताळखिंडीच्या घाटात चढाची शर्यत होती. एकेकानं घाट चढून जायचा, कमी वेळात चढेल तो पहिला. उस्मानला उदय पाहिजे होता. उदयनं आदल्या साली साधी गाडी घेऊन तिसरा नंबर काढला होता. आणि रत्नमालानं गणपतीत मला सांगितलं होतं की ही गाडी तिला चालवायचीय.

तिनं तसं आधी कधी काही मागितलं नव्हतं. लग्नाआधी ती वडिलांचा दुधाचा टेम्पो चालवायची. लग्नानंतर तिनं बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. निम्म्या राजारामपुरीच्या बायका तिच्या हाताखाली शिकल्या. शिकाऊ बाई क्लच सोडायला चुकली तरी ही शांत बसून असायची, पायाखाली आपला वेगळा ब्रेक घेऊन. त्यावरून उद्यमनगरातली पोरं तिला मागं 'डबल ब्रेक' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं.

रविवारी सकाळी आम्ही चौघं घाटात गेलो. आधी मोठा संच घातलेला. उदयनं चालवली. सरळ रस्त्यावर गाडी सुटली ती बघत राहावी अशी. पण अवघड वळणावर, जिथं पाय हलका करावा लागतो, तिथं ती खोकायची. उदय वळणातही ॲक्सिलरेटर सोडत नव्हता, आवाज चढता ठेवून ओढून न्यायचा. खाली आल्यावर म्हणाला, "झकास."

मग रत्नमाला बसली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, तिसऱ्यावर गाडी दोन आचके देऊन बंद पडली. आम्हाला खालून दिसत होतं.

"गेली," उदय म्हणाला. "हात बाहेर काढून सिग्नल द्या म्हणावं काकीला."

उस्माननं माझ्याकडं बघितलं त्यात सगळं आलं.

ती गाडी परत घेऊन आली. उतरली, दार लावलं. चेहरा नेहमीसारखा. मला म्हणाली, "वळणावर मी पाय ठेवायच्या आधीच ही पेट्रोल ओततीय. मला थोडं पाहिजे असतंय, ती थोडं देतच न्हाई. प्लग काढून बघा."

मी प्लग काढले. काळे आणि ओले. म्हणजे पेट्रोल जळायच्या आधीच साचत होतं. मोठ्या इंजेक्टरचं तसंच असतं. कितीही थोडा वेळ उघडला तरी त्यातून जरा जास्तच येतं.

तिथंच झाडाखाली मी मधला संच बसवला, आणि किती पेट्रोल फवारायचं ते ठरवणाऱ्या आमच्या कंट्रोल बॉक्सवर आकडे बदलले. ती परत गेली. ह्या वेळी आवाज कुठं तुटला नाही. वळणात गाडी गप सरकत जायची आणि वळण संपता संपता उचलायची. वर जाऊन ती खाली आली तेव्हा मी प्लग काढले. कोरडे, तांबूस. पाहिजेत तसे.

"हाच घाला," ती म्हणाली.

"वहिनी, ह्याचं एक हाय," उस्मान म्हणाला. "हा वर पुरणार न्हाई. महिपती, सांग की त्यांना."

मी सांगितलं. सहा हजार आरपीएमपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला सहा हजार फेऱ्या होईपर्यंत, हा संच पुरेल. त्यापुढं इंजेक्टर पूर्ण उघडे राहिले तरी पेट्रोल कमीच पडणार. काटा तिथं आपोआप अडवायची सोय आमच्या बॉक्समध्ये नव्हती. ड्रायव्हरनंच थांबायचं.

"मग मी सहाच्या वर जाणार न्हाई," ती म्हणाली.

"असं हितं झाडाखाली बोलायला सोपं असतंय," उस्मान म्हणाला. "शर्यतीत रक्त तापतंय. एकदा नुसता काटा पुढं गेला तर माझे पिस्टन गेले. उदय, तू थांबशील सहाला?"

उदयनं खरं सांगितलं. "न्हाई चाचा. माझा पाय ऐकणार न्हाई. मला मोठाच द्या."

"मी रोज शिकाऊ बायकांच्या शेजारी बसतो," रत्नमाला म्हणाली. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी ती 'बसतो', 'जातो' असंच बोलायची. "समोर ट्रक आलेला असतोय आणि बाईनं हँडल सोडून डोळ्यावर हात घेतलेला असतोय. तवा माझं रक्त तापलं असतं तर आज मी हितं नसतो, भाऊजी."

उस्मानला हसू आलं, ते त्यानं दाबलं. मग त्यानं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. शेवटी म्हणाला, "एक अट. नंबर येऊ दे न्हाईतर न येऊ दे, शर्यतीनंतर इंजिन उघडायचं. सगळ्या उद्यमनगरासमोर. चारातल्या एका जरी पिस्टनला डाग दिसला तर वहिनी परत ह्या गाडीत बसणार न्हाईत. आणि महिपती, तू मला परत विचारायचंस न्हाई."

"चालंल," ती म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

आता बोलायचं राहिलं होतं मी एकटा. पेट्रोलचा निर्णय माझा होता. मोठा संच म्हणजे उदय, मधला संच म्हणजे ती. हे तिघांनाही कळत होतं, म्हणून तिघं गप्प होते. मी त्या तांबूस प्लगकडं बघितलं आणि म्हणालो, "मधला."

सोमवारी गॅरेजमध्ये आम्ही त्या संचाची फवारणी तपासली. चारही इंजेक्टर एका नळीला लावले आणि प्रत्येकाखाली औषधाची एकेक सारखी बाटली ठेवली. चारी बाटल्या सारख्या भरायला पाहिजेत. एक जरा मागं राहिली. तो इंजेक्टर धुवून, फुंकून पुन्हा लावला तरी मागंच. पुडीत एक जादा होता, तो लावला आणि बाटल्या जमल्या. रत्नमालानं खाली वाकून, पातळी डोळ्याच्या रेषेत धरून दोनदा बघितलं. उस्मान पलीकडून लेथ चालवता चालवता ओरडला, "वहिनी, दूध संघात न्हाई घालायचं ते."

"दूध असतं तर तुमच्यावर सोडलं असतं," ती म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी तिनं उदयचा ओव्हरऑल घातला होता. तो उदयनंच आणून दिला. तिला पायात लांब होत होता म्हणून दोन घड्या घालून टाके मारलेले. वेणी आत खोचलेली. तपासणीला उभा असलेला माणूस हेल्मेट माझ्यापुढं धरून म्हणाला, "घालून दाखवा." मी ते तिच्या हातात दिलं. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "ताई, पट्टा घट्ट करा."

तिच्या स्कूलच्या बायका दोन जीप भरून आल्या होत्या. त्यांनी येताना चटणी-भाकरी बांधून आणली होती आणि पहिल्या गाडीच्या आधीच निम्मी संपवली होती. त्यांतली एक सुताराची शकुंतला मला म्हणाली, "दाजी, आमच्या बाईंना घाट चढायला सांगितलाय, पण त्या आधी आरसा बघणार, मग इंडिकेटर देणार, मग निघणार." सगळ्या हसल्या. मला हसू येत नव्हतं.

मी आणि उस्मान वर, शेवटच्या सरळ पट्ट्यावर उभे होतो. तिथून शेवटची रेघ दिसायची. उदयही आमच्याबरोबर होता. बेळगावच्या एका गाडीनं फार चांगली वेळ दिली होती आणि ती कुणाला मोडता आली नव्हती. मग भोंग्यावर आमच्या गाडीचा नंबर सांगितला, आणि पुढं, "ड्रायव्हर, सौ. रत्नमाला महिपती चौगुले, कोल्हापूर."

खालून आवाज निघाला. मी तो आवाज ओळखत होतो. कुठल्या वळणावर कुठला गिअर हे मला बघायची गरज नव्हती. पहिलं अवघड वळण, दुसरं, तिसरं. गाडी जिथं त्या रविवारी बंद पडली होती तिथून ती सरळ पुढं आली. भोंग्यावर माणूस म्हणाला की घाटाच्या मध्यावर ही गाडी सगळ्यांच्या पुढं आहे. बेळगावच्याही.

उस्माननं माझा दंड धरला. "पुढं हाय," तो म्हणाला. "महिपत्या, वहिनी पुढं हाय रे."

शेवटच्या वळणातून ती बाहेर आली. दुसरा गिअर, मग तिसरा. आवाज चढायला लागला. आता नुसती सरळ चढण होती आणि समोर रेघ. तिसऱ्यातच ठेवली तर काटा सहाच्या पुढं जाणार, पण गाडी थेट रेघेवर जाणार. चौथा टाकला तर तेवढ्या बदलात वेळ जाणार, आणि चढावर ओढ कमी होणार. उदयला हे कळलं होतं. मलाही कळलं होतं.

आणि उस्मान ओरडायला लागला. "ठेव! तिसऱ्यातच ठेव! वहिनी, ठेव!"

ज्यानं अट घातली तोच ओरडत होता. त्याच्या पिस्टनचं त्याला भान राहिलं नव्हतं. मी काही बोललो नाही, कारण मला आवाज ऐकायचा होता. आवाज चढला, चढला, आणि मला वाटलं की आता सहा झाले.

तिथं तो पडला. तिनं चौथा टाकला होता.

गाडी आमच्यासमोरून गेली. हेल्मेटमुळं चेहरा दिसला नाही. भोंग्यावर वेळ सांगितली. दुसरा नंबर. बेळगावच्या गाडीशी फरक इतका थोडा की सांगणाऱ्यानंच तो दोनदा वाचला.

आम्ही वर पोचलो तेव्हा ती गाडीतून उतरली होती आणि दाराला टेकून पाणी पीत होती. उस्मान धापा टाकत म्हणाला, "चौथा कशाला टाकलासा वहिनी? समोर रेघ दिसत होती की."

"काटा सहाला टेकला होता."

"अवो, पण एवढंच तर राहिलं होतं."

"तुम्हीच सांगितलेलं न्हवं?"

उदय म्हणाला, "चाचा, आता गप बसा. 'ठेव ठेव' म्हणून कोण ओरडत होतं ते खालपर्यंत ऐकू गेलंय." मग तो तिच्याकडं वळला. "काकी, माझ्यानं झालं नसतं." हे त्यानं थट्टेनं म्हटलं नाही.

परत येताना आम्ही दोघंच माझ्या गाडीत होतो. ती खिडकीतून बाहेर बघत होती. गगनबावड्याच्या बाजूला ऊन उतरलं होतं. मी म्हणालो, "दुसरा नंबरबी थोडा न्हाई."

"मला पहिलंच यायचं होतं," ती म्हणाली.

मी गाडी हळू केली.

"वरनं तुमच्या मित्राचा आवाज आला मला. रेघ दिसत होती. पाय काढताना असं वाटलं की माझा पाय दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात हाय आणि तो ओढून काढालाय." तिनं डोळे पुसले आणि ओव्हरऑलची बाही ओली झाली म्हणून चिडली. "हे उदयला धुवून द्यायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी उस्मान सकाळी सकाळी गॅरेजमध्ये आला आणि म्हणाला, "राहू दे आता. इंजिन उघडायला नको. मी बघितलंय, मला पटलंय."

"ठरलंय तर उघडा," रत्नमाला म्हणाली. "उद्या परत कोण म्हणाय नको, उघडलं असतं तर डाग दिसला असता म्हणून."

मग सगळे जमले. समोरच्या फौंड्रीतली माणसं, पलीकडचे टर्नर, चहावाला, स्कूलच्या चार बायका. 'डबल ब्रेक' म्हणणारी पोरंही भिंतीवर चढून बसली होती. उस्माननं बोल्ट स्वतः सोडले, माझा हात लागू दिला नाही. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उचललं आणि बाजूला ठेवलं. चारी पिस्टनचे माथे उघडे पडले.

चारी सारखे. पातळ तांबूस थर, दुसरं काही नाही. उस्माननं फडकं घेऊन एकेक पुसला. मग चष्मा लावला आणि प्रत्येकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. वितळायला लागलं तर तिथंच आधी कळतं. नख कुठं अडलं नाही. चौथ्यावरून त्यानं नख दोनदा फिरवलं, आणि तिथंच हात ठेवून थांबला.

"या," तो म्हणाला. "सगळ्यांनी या आणि बघा. काल ही गाडी घाट चढून आलीय, दुसरी आलीय. आणि हे पिस्टन मी बसवले तसेच्या तसे हाईत."

लोक एकेक करून वाकून बघून गेले. पोरं भिंतीवरून उतरली आणि त्यांनीही बघितलं. त्यांतला एक जाताना तिला "येतो काकी" म्हणाला. त्याच्याकडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

मी जन्मभर इंजिनं उघडली. जळालेली, अडकलेली, पाण्यात बुडालेली. इंजिन उघडलं की चालवणारा माणूस कळतो, हे मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर सांगायचो. त्या दिवशी माझ्या घरचं माणूस सगळ्या गल्लीसमोर उघडं झालं होतं आणि बघणाऱ्याला कुठं डाग सापडत नव्हता. मी बेंचला टेकून उभा होतो. चहाचा पेला हातात घेतला तो प्यायचाच राहिला.

गर्दी कमी झाल्यावर उस्मान हात पुसत आला. माझ्याजवळ नाही, तिच्याजवळ. "वहिनी," तो म्हणाला, "पुढच्या सालाला कुठला संच आणू?"

पेट्रोलचं माझ्याकडं होतं. त्यानं मला विचारायला पाहिजे होतं. पण त्यानं तिला विचारलं आणि आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"मोठा," ती म्हणाली.

उस्मान बघतच राहिला.

"पुढच्या साली मला तिसऱ्यातच ठेवायचंय," ती म्हणाली. "वळणावर तो ओततोय, ते कमी कसं करायचं ते ह्यांनी शिकावं. वर्ष हाय हातात."

मी शिकलो. बॉक्स बदलला, आकड्यांमागं आकडे लावले, ती शेजारी बसून सांगायची की इथं जास्त येतंय, इथं कमी. पुढच्या साली वेताळखिंडीत काय झालं ते उद्यमनगरात कुणालाही विचारा. मी सांगितलं तर नवऱ्यानं सांगितलं म्हणतील.

ती गेली त्याला आता सव्वा वर्ष होईल. आजार पोटाचा होता, तो कळेपर्यंत फार पुढं गेला होता. भेटायला माणसं खूप आली. बायका म्हणाल्या, मायाळू होती. पाहुणे म्हणाले, सोशिक होती, घर धरून राहिली. सगळं खरं असेल. मी मान हलवत होतो, पण कुणाचंच बोलणं मला लागत नव्हतं.

उस्मान शेवटी आला. त्याचा लेथ आता मुलगा बघतो. गुडघ्यामुळं त्याला खाली बसवत नाही, तरी तो माझ्याशेजारी सतरंजीवर बसला. पाठ भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "आपली ड्रायव्हर गेली, महिपती."

"व्हय," मी म्हणालो, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.